सायकल शर्यतीला मान्यता कोणाची? नियामक संस्था आणि त्यांच्या चौकटीबाहेरच्या शर्यती

हौशी सायकल शर्यतीच्या दिवशी पहाटे नोंदणीच्या टेबलापाशी जी गडबड असते, तिच्यात प्रत्येकाचे लक्ष आपला क्रमांक आणि त्याबरोबरच्या चार पिना हाती पडल्या की नाही आणि चाकांत हवा पुरेशी आहे की नाही, एवढ्यावरच असते. त्या गडबडीत पुढे सरकवलेल्या कागदावर आपण न वाचता सही करून मोकळे होतो. त्या कागदावर बहुधा एक ओळ अशी असते की, ही स्पर्धा अमुक संस्थेच्या मान्यतेने आणि तिच्या नियमांनुसार घेण्यात येत आहे. ती मान्यता देण्याचा अधिकार त्या संस्थेला कोठून मिळतो, ती ओळ नसलेली शर्यत बेकायदा ठरते का, आणि अशा शर्यतीत उतरणारा सायकलपटू नेमके काय गमावतो, हे समजून घेण्याची वेळ बहुतेकांवर काहीतरी बिघडल्यावरच येते. ती त्याआधी यावी, या तळमळीने हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करायला हवा. रस्त्यावर शर्यत घेण्याची परवानगी आणि खेळाच्या संस्थेची मान्यता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी शासनाची असते. ती पोलीस, वाहतूक शाखा किंवा स्थानिक प्रशासन देते आणि ती नसेल तर कायदा मोडला जातो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम ३१ नुसार सार्वजनिक रस्त्यावर अधिकृत नसलेली सायकल शर्यत भरवणे किंवा तिच्यात भाग घेणे हा गुन्हा आहे. मान्यता मात्र खेळाची संस्था देते आणि तिचा अंमल त्या संस्थेच्या सभासदांपुरता चालतो. त्यामुळे पोलिसांनी होकार दिलेली शर्यत संस्थेने अमान्य करावी, असेही घडू शकते. पुढे ज्या १९४२ च्या शर्यतीची हकीकत येणार आहे, ती सगळी या एका भेदावरच उभी आहे.

मान्यता मिळते म्हणजे आयोजकाच्या हाती काय पडते? एक नियमपुस्तक मिळते, ज्यात गट कसे पाडायचे, अखेरच्या टप्प्यात पंक्चर झाले तर काय, गाडीच्या मागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेतला तर काय, हे आधीच ठरलेले असते. प्रशिक्षित पंच मिळतात, ज्यांना या खेळात कमिसेअर म्हणतात. लागलेल्या निकालाला पुढे किंमत मिळते, म्हणजे गुण जमा होतात आणि खालच्या गटातून वरच्या गटात जाता येते. अमेरिकेत नवशिक्या पुरुष स्पर्धकाने पाचव्या गटातून चौथ्या गटात जाण्यासाठी साधारणपणे दहा सामूहिक शर्यतींचा अनुभव गाठीशी बांधावा, अशी रीत बराच काळ होती. ती मोजदाद कोणीतरी ठेवावीच लागते. शिस्तभंगाची चौकशी, उत्तेजक द्रव्यांची चाचणी आणि एकाच रविवारी जवळपासच्या तीन गावांत तीन शर्यती होऊ नयेत म्हणून आखलेले वेळापत्रक, हेही याच व्यवस्थेत येते.

पण माझ्या मते सर्वांत जड वस्तू म्हणजे विमा. साठ जणांचा घोळका उतारावरच्या वळणात शिरतो, पुढच्याचे चाक वाळूवर घसरते, मागचे चौघे त्याच्यावर आदळतात आणि त्यांतला एक कठड्याशी उभ्या असलेल्या पादचाऱ्याला जाऊन धडकतो. अशा वेळी रुग्णालयाचे बिल, मोडलेली सायकल आणि त्या पादचाऱ्याने मागितलेली भरपाई यांचा भार कोणावर पडणार? मान्यता देणारी संस्था बहुधा आपल्या सभासदांच्या वर्गणीतून आयोजकासाठी आणि स्पर्धकांसाठी सामूहिक विमा उतरवते. एकट्या आयोजकाने विमा कंपनीच्या दारात जाऊन तसलेच संरक्षण मागितले, तर त्याला ते महाग पडते किंवा मिळतच नाही. अनेक लहान आयोजक मोठ्या संस्थेच्या छत्राखाली राहतात, ते नियमपुस्तकावरच्या प्रेमापेक्षा या छत्रासाठीच.

आता या व्यवस्थेचे शिखर पाहू. जागतिक पातळीवर सायकलिंगचा कारभार यूसीआय नावाची आंतरराष्ट्रीय संघटना पाहते आणि तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील एग्ल या गावी आहे. तिच्याखाली खंडांचे महासंघ येतात, त्यांच्याखाली प्रत्येक देशाचा एकच राष्ट्रीय महासंघ, आणि त्याच्याखाली राज्यांच्या, जिल्ह्यांच्या संघटना आणि क्लब. एका देशात एकच महासंघ, हा या रचनेचा पाया आहे, कारण ऑलिंपिकला आणि जागतिक अजिंक्यपदाला संघ पाठवायचा तर तो कोणी निवडायचा याचे उत्तर एकच असावे लागते. वरच्या पायरीवर जायचे असेल तर खालच्या प्रत्येक पायरीची मान्यता लागते. नियामक संस्थेची खरी ताकद या शिडीत आहे, आणि बहुतेक देशांत देशांतर्गत हौशी शर्यतींपुरती तरी ती कायद्याने दिलेली नसते.

ही शिडी अनादी काळापासून उभी होती असे मात्र नाही. १८९२ मध्ये इंटरनॅशनल सायक्लिस्ट्स असोसिएशन नावाची पहिली जागतिक संघटना स्थापन झाली. तिच्यात ब्रिटिश बेटांतील प्रदेशांना स्वतंत्र प्रतिनिधित्व हवे होते आणि इतर देशांना ते अन्यायाचे वाटत होते. या भांडणातून फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड आणि अमेरिका यांच्या संघटनांनी १४ एप्रिल १९०० रोजी पॅरिसमध्ये वेगळी चूल मांडली; तीच आजची यूसीआय. आज जिच्या मान्यतेवाचून शर्यत निषिद्ध ठरू शकते, ती संस्था स्वतःच एका फुटीतून जन्माला आली, हे या विषयाचा विचार करताना सतत ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

शिडी टिकवण्यासाठी यूसीआयच्या नियमावलीत निषिद्ध शर्यतींविषयी एक कलम आहे. परवानाधारकाने, म्हणजे महासंघाकडून शर्यतीचा परवाना घेतलेल्या स्वाराने, राष्ट्रीय, खंडीय किंवा जागतिक वेळापत्रकात नसलेल्या, तसेच राष्ट्रीय महासंघाने किंवा त्यावरच्या संस्थेने मान्य न केलेल्या शर्यतीत भाग घेऊ नये, असे ते सांगते. आपल्या देशातील एखाद्या शर्यतीपुरती सवलत देण्याची मुभा महासंघाला असते. कलम मोडल्यास एक महिन्याचे निलंबन आणि ५० ते १०० स्विस फ्रँक दंड, अशी तरतूद होती. दंड किरकोळ आहे, पण ऐन हंगामातला एक महिना हातचा जाणे सायकलपटूला किरकोळ नसते.

ही सारी चौकट ताणली गेली तेव्हा काय झाले, हे पाहायला ब्रिटनइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. तेथे १८७८ मध्ये बायसिकल युनियन निघाली आणि १८८३ पासून ती नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या काळी रस्त्यांवर घोडागाड्यांचे राज्य होते; सायकलस्वारांच्या टोळक्याला घोडे बुजत, अपघात होत, तक्रारी होत आणि पोलीस खटले भरत. शर्यतींमुळे चिडून सरकार सायकलवरच बंदी आणील, अशी भीती युनियनच्या धुरीणांना वाटू लागली. म्हणून १८९० च्या दशकात युनियनने रस्त्यावरच्या शर्यतींना आपल्या सभासदांना बंदी घातली आणि शर्यती बंदिस्त ट्रॅकवर घ्याव्यात असे ठरवले. ही भीती पोकळ नव्हती, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. चूक घडली ती पुढे, कारण भीतीचे कारण संपल्यावरही बंदी तशीच राहिली.

बंदीतून वाट काढली ती फ्रेडरिक बिडलेक यांनी आणि लंडनच्या नॉर्थ रोड क्लबने. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी त्या क्लबने ५० मैलांची एक शर्यत घेतली, जिच्यात स्पर्धक एकत्र न सुटता ठरावीक अंतराने एकेकटे सुटत आणि लढत घड्याळाशी असे. हीच ब्रिटिश टाइम ट्रायलची सुरुवात. तिचे रूप डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे. पहाटेचा अंधार पुरता सरलेला नाही. रस्त्याच्या कडेला एक माणूस हातात घड्याळ घेऊन उभा आहे, दुसऱ्याने सायकलचे खोगीर मागून धरले आहे, आणि स्वाराने मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घातले आहेत, जेणेकरून तो शर्यतीत आहे असे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटू नये. स्पर्धकांकडे जाणाऱ्या पत्रकांवर ‘खाजगी व गोपनीय’ असे छापलेले असे आणि मार्गाचे नाव न लिहिता संकेत लिहिला जाई. इंग्लंडमधील हल शहराजवळच्या एका वेगवान मार्गाला व्ही ७१८ म्हणतात. गुप्ततेची गरज कधीच संपली, पण संकेतांची पद्धत आजही चालू आहे. या शर्यतींसाठी १९२२ मध्ये एक परिषद स्थापन झाली आणि १९३७ मध्ये तिची रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल झाली. म्हणजे एका संस्थेने नाकारलेला प्रकार सांभाळायला दुसरी संस्था उभी राहिली आणि पहिलीने तिच्याशी जुळवून घेतले.

याचा परिणाम असा झाला की युरोप खंडात १९०३ पासून टूर द फ्रान्ससारख्या सामूहिक शर्यतींतून सायकलपटूंची पिढी घडत असताना ब्रिटिश स्वार मात्र एकटा धावायला शिकत होता. १९२२ ची जागतिक रस्ता स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली, ती एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याची होती, आणि पहिले तिन्ही क्रमांक ब्रिटिशांनी पटकावले. जागतिक स्पर्धा सामूहिक झाली तेव्हा हेच स्वार घोळक्यात शिरायला बिचकू लागले. घोळक्यात सायकल चालवणे हे स्वतंत्र कसब आहे. पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतर राखणे, वाऱ्याच्या बाजूप्रमाणे जागा बदलणे, कोण केव्हा निसटणार हे खांद्यांच्या हालचालीवरून ओळखणे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. ज्या देशात त्यांचा सराव करायला रस्ताच मोकळा नाही, तेथे त्या यायच्या कोठून?

वुल्व्हरहॅम्प्टनचा पर्सी स्टॅलर्ड याला हे स्वानुभवाने कळले होते, कारण १९३३ आणि १९३४ च्या जागतिक स्पर्धांत तो सामूहिक शर्यती धावून आला होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले, पेट्रोलवर नियंत्रण आले आणि ब्रिटनचे रस्ते ओस पडले. रस्त्यावर वाहनेच नाहीत, तर बंदीचे कारण तरी काय उरले, असा त्याचा युनियनला साधा प्रश्न होता. युनियनने नकार दिला. तेव्हा स्टॅलर्डने वेल्समधील लँगॉथ्लेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटरची शर्यत स्वतः जाहीर केली. तो आधी पोलिसांकडे गेला आणि पोलिसांनी परवानगीबरोबर मदतही देऊ केली. जमणारा पैसा सैनिकांच्या मदतनिधीला द्यायचे ठरले. ७ जून १९४२ च्या रविवारी सुमारे ४० स्वार एकत्र सुटले, वुल्व्हरहॅम्प्टनच्या वेस्ट पार्कपाशी हजारभर माणसे वाट पाहत थांबली, आणि तेथल्याच अल्बर्ट प्राइसने शर्यत जिंकली. कोणाला दुखापत झाली नाही, कोणी तक्रार केली नाही. कायद्याच्या दृष्टीने सारे यथास्थित होते. तरीही युनियनने स्टॅलर्डला बेमुदत निलंबित केले आणि त्याला साथ देणाऱ्यांवरही कारवाई केली.

शासनाची परवानगी आणि संस्थेची मान्यता या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात, हे येथे उघड दिसते. स्टॅलर्डजवळ पहिली होती, दुसरी नव्हती. आणि शिक्षा दुसरीच्या अभावासाठी झाली.

निलंबित झालेल्यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स ही आपली संघटना काढली. पुढची सतरा वर्षे ब्रिटनमधील सायकलपटूंत उभी फूट राहिली. लीगच्या शर्यतीत उतरलेल्याला युनियनची आणि टाइम ट्रायल परिषदेची दारे बंद होत, आणि यूसीआय युनियनलाच ओळखत असल्यामुळे ऑलिंपिकची वाटही बंद होत असे. तरी लीगने जे साधले ते मोठे होते. महायुद्ध संपता संपता, ऑगस्ट १९४५ मध्ये तिने ब्राइटन ते ग्लासगो अशी पाच टप्प्यांची शर्यत घेतली. तिच्यातूनच पुढे ब्रिटनची राष्ट्रीय टप्प्यांची स्पर्धा आकाराला आली. १९५२ मध्ये लीगच्या संघातून गेलेल्या इयान स्टीलने वॉर्सा, बर्लिन आणि प्राग यांना जोडणारी शांतता शर्यत जिंकली. जी संस्था अमान्य होती, तिच्या स्वाराने देशाला तो मान मिळवून दिला.

लीगची बाजू मला न्याय्य वाटते, पण तिचा कारभार निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. आपापसांत भांडणे होती, शर्यतींचा दर्जा कमीजास्त होता, आणि त्यावर कठोर टीका केल्याबद्दल संस्थापकांतल्या स्टॅलर्डलाच एकदा बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. वेगळे निघणाऱ्यांना लवकरच कळते की परवाने, पंच, शिस्त आणि हिशेब यांचे ओझे त्यांनाही चुकत नाही. अखेर १९५९ मध्ये युनियन आणि लीग यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन निर्माण झाले, आणि रस्त्यावरची सामूहिक शर्यत ब्रिटनमध्ये मान्य झाली. १९६० मध्ये महामार्गांवरील सायकल शर्यतींचे सरकारी नियमही आले. पोलिसांना आगाऊ सूचना देणे आणि स्पर्धकसंख्येवर मर्यादा ठेवणे त्यांनी बंधनकारक केले. स्टॅलर्डला मात्र विलीनीकरण हा विश्वासघात वाटला आणि तो ते मत शेवटपर्यंत धरून राहिला. टाइम ट्रायलची संस्था या विलीनीकरणात आली नाही. सायकलिंग टाइम ट्रायल्स या नव्या नावाने ती आजही ब्रिटिश सायकलिंगपासून (त्या फेडरेशनचे आजचे नाव) स्वतंत्र आहे आणि आपल्या शर्यती आपल्या नियमांनी घेते.

अमेरिकेतील प्रवास निराळा आहे आणि त्यात एक काळा डाग आहे, जो वगळून पुढे जाणे बरे नाही. लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही १८८० मध्ये स्थापन झालेली संघटना तेथील शर्यतींवर नियंत्रण ठेवत असे. १८९४ मध्ये लुइव्हिल येथील अधिवेशनात तिने सभासदत्व फक्त गोऱ्यांपुरते मर्यादित केले. कृष्णवर्णीय स्वार मार्शल टेलर, ज्याला सगळे मेजर टेलर म्हणत, त्याला शर्यतीचा परवाना मिळत राहिला, पण जागोजागी आयोजकांनी आणि सहस्पर्धकांनी त्याची वाट अडवली. १८९८ मध्ये व्यावसायिक स्वारांनी फुटून नॅशनल सायकलिंग असोसिएशन काढली. १८९९ मध्ये माँट्रिऑलला टेलरने एक मैलाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले तेव्हा अमेरिकेतील अनेक नामांकित स्वार तेथे नव्हते, कारण ते फुटीर गटात होते. पुढच्याच वर्षी जुन्या संघटनेने शर्यतींचा कारभार सोडून दिला, आणि टेलरला खेळत राहायचे तर आधी जिने त्याला दूर ठेवले होते त्या नव्या संघटनेकडेच दाद मागावी लागली. मान्यतेचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो माणसाला खेळाबाहेरही ठेवू शकतो. आणि वेगळी निघालेली संस्था जुनीपेक्षा उदार असेलच असे नाही. वर्णभेदाचा तो जुना ठराव अधिकृतपणे रद्द व्हायला १९९९ साल उजाडले.

आजची अमेरिकी चौकट १९७८ च्या हौशी क्रीडा कायद्यावर उभी आहे. त्या कायद्याने प्रत्येक खेळासाठी एकाच राष्ट्रीय नियामक संस्थेला मान्यता देण्याची व्यवस्था केली. सायकलिंगमध्ये ती जागा आज यूएसए सायकलिंगकडे आहे. मात्र ही मक्तेदारी मुख्यतः ऑलिंपिकसारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी संघ निवडणे आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांना मान्यता देणे यांपुरती आहे. गावातली रविवारची शर्यत त्या संस्थेच्या मान्यतेनेच व्हावी, असे कायदा म्हणत नाही. या मोकळ्या जागेत ओरेगॉन राज्यातील ओरेगॉन बायसिकल रेसिंग असोसिएशन उभी आहे. रस्ता, ट्रॅक, डोंगरी सायकल आणि सायक्लोक्रॉस या सर्व प्रकारांच्या शर्यतींना ती स्वतः मान्यता देते आणि तिचा कारभार बव्हंशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. पोर्टलंडची क्रॉस क्रुसेड ही सायक्लोक्रॉस मालिका तिच्याच छत्राखाली वाढली. शरद ऋतूतल्या पावसात शेताच्या चिखलातून सायकल खांद्यावर मारून धावणारे शेकडो स्वार, त्यांत शाळकरी मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे, ही त्या मालिकेची ओळख आहे. यांतल्या बहुतेकांना जागतिक अजिंक्यपदाच्या शिडीवर चढायचेच नाही. मग त्या शिडीचा खर्च त्यांनी परवान्याच्या शुल्कातून का भरावा, हा स्वतंत्र मान्यतेमागचा खरा प्रश्न आहे आणि तो वाजवी आहे.

हा प्रश्न २०१३ मध्ये धारदार झाला. निषिद्ध शर्यतींचे ते कलम अमेरिकेत वर्षानुवर्षे पुस्तकातच पडून होते. त्या वर्षी यूसीआयच्या आग्रहामुळे ते काटेकोरपणे अमलात येणार, असे यूएसए सायकलिंगने कळवले, आणि स्वतंत्र शर्यतींवर पोसलेल्या डोंगरी सायकलपटूंत मोठी खळबळ उडाली. ज्या शर्यतींत त्यांचे प्रायोजक, प्रेक्षक आणि उपजीविका होती, त्यांत उतरले तर निलंबन, आणि न उतरावे तर हंगामच रिकामा, अशा पेचात परवानाधारक सापडले. विरोध इतका वाढला की यूसीआयने त्या वर्षापुरती कडक अंमलबजावणी पुढे ढकलली.

डोंगरी सायकलपटूंचा संताप समजून घ्यायचा तर त्या खेळाचा जन्म आठवावा लागतो. कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायसच्या परिसरातील उतारावर १९७६ पासून काही मित्र जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन घड्याळ लावून उतरत असत. त्यांना कोणाची मान्यता नव्हती आणि नकोही होती. १९८३ मध्ये त्यांच्यासाठी नॉर्बा ही स्वतंत्र संघटना निघाली. यूसीआयने या प्रकाराचे पहिले जागतिक अजिंक्यपद १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगोला घेतले आणि १९९६ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये गेला. खडीच्या रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचेही तसेच झाले. कॅन्ससमधील एम्पोरिया गावी २००६ मध्ये मूठभर स्वारांनिशी सुरू झालेली २०० मैलांची शर्यत मोठ्या संस्थांच्या छत्राबाहेर वाढली, आणि यूसीआयने या प्रकाराचे जागतिक अजिंक्यपद २०२२ मध्ये इटलीत सुरू केले. नवा प्रकार आधी बाहेर रुजतो आणि नियामक संस्था त्याला नंतर आपला म्हणते, हा क्रम इतक्या वेळा दिसला आहे की बाहेरच्या शर्यती मुळासकट उपटणे हे नियामक संस्थांच्याच हिताविरुद्ध ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही स्वतंत्र मान्यतेची किंमत झाकून ठेवणे हा सायकलपटूंवर अन्याय होईल. स्वतंत्र संस्थेतले गुण आणि गट दुसरीकडे चालतीलच असे नसते. त्यासाठी दोन संस्थांत करार असावा लागतो. उत्तेजकांच्या प्रकरणात बंदी आलेला स्वार उत्तेजकविरोधी जागतिक संहिता न पाळणाऱ्या शर्यतीत उतरू शकतो आणि त्याच्याशेजारी प्रामाणिकपणे धावणाऱ्याला ते कळतही नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. खेळातील लैंगिक शोषणाच्या तक्रारी हाताळण्यासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये सेफस्पोर्ट केंद्र सुरू झाले, पण त्याचा अंमल ऑलिंपिक चळवळीतील संस्थांवर आणि त्यांच्या सभासदांवर चालतो. जी संस्था त्या साखळीबाहेर आहे तिने पार्श्वभूमी तपासण्याची आणि तक्रार ऐकण्याची स्वतःची व्यवस्था उभी केली नसेल, तर स्वातंत्र्याचा तो लाभ भलत्याच माणसाला मिळतो. म्हणून अमान्य शर्यतीत नाव घालताना नियम कोणाचे, पंच कोण, विमा कोणत्या कंपनीचा आणि तो मला, माझ्यामुळे जखमी होणाऱ्याला की फक्त आयोजकाला लागू आहे, तक्रार कोणाकडे करायची, एवढे विचारून घ्यावे. मान्य शर्यतीतही हेच विचारावे, कारण शिक्का असला म्हणजे त्यामागची व्यवस्था चोख असेलच असे नाही.

आपल्याकडच्या वाचकाला या दोन्ही व्यवस्था ओळखीच्या आहेत, फक्त त्या दोन आहेत हे सहसा लक्षात येत नाही. भारतात यूसीआयच्या शिडीची पायरी म्हणजे सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही टप्प्यांची स्पर्धा झाली, ती यूसीआयच्या २.२ या दर्जाची होती. परदेशी संघ येथे येतात ते जागतिक गुणांसाठी, आणि ते गुण त्या शिडीबाहेर कोणालाच देता येत नाहीत. दुसरीकडे पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर येथून वर्षभर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या सायकल फेऱ्या, निघतात, ज्यांचा कारभार ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स पाहते आणि ज्यांची अंतिम नोंद १९०४ मध्ये स्थापन झालेला पॅरिसचा ऑडॅक्स क्लब करतो. यूसीआयचा त्यांच्याशी संबंध नाही, कारण ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे, मध्ये ठरलेल्या जागी चहाच्या टपरीवर किंवा पेट्रोल पंपावर आपल्या कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि शेवटी यादीत नाव येते ते क्रमांकाशिवाय. पहिला कोण आला हे कोणी लिहीत नाही. या कार्डांच्या बळावर दर चार वर्षांनी होणाऱ्या १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला महाराष्ट्रातले कितीतरी सायकलस्वार जाऊन आले आहेत.